कारखानीस : एका लेखणीची कुळकथा

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या फाउंड्रीत आज भट्टीशेजारच्या पडद्यावर प्रत्येक हीटचे, म्हणजे एका वेळी वितळवलेल्या रसाचे, उष्णतामान, वाळूतील ओलावा आणि रिजेक्शनचे प्रमाण क्षणाक्षणाला उमटताना पाहिले, म्हणजे ही विद्या परदेशातून नुकतीच आली असावी असा ग्रह होणे स्वाभाविक आहे. परंतु ज्या 'कारखाना' शब्दाच्या छपराखाली हा सारा व्यवहार चालतो, त्याच शब्दाच्या कुळात तिचा एक पूर्वज आपले दफ्तर उघडून बसलेला आहे. त्याचे नाव कारखानीस.

फारसीत 'कार' म्हणजे काम, 'खाना' म्हणजे घर आणि 'नवीस' म्हणजे लिहिणारा. हा 'नवीस' मराठी मुखात झिजून 'नीस' झाला, आणि चिटणीस, फडणीस, पोतनीस यांच्या पंक्तीत कारखानीस येऊन बसला. शिवकालीन गडावर धान्य, वैरण व दारूगोळा यांचा हिशेब त्याच्या हवाली असे. पन्हाळ्याच्या अंबरखान्यात गंगा, यमुना व सरस्वती या प्रचंड कोठ्या आजही उभ्या आहेत. १६६० साली सिद्दी जौहरने याच गडाला कित्येक महिने वेढा घातला, तेव्हा गड किती दिवस झुंजवता येईल हा निर्णय शौर्यावर जितका, तितकाच शिलकेच्या खऱ्या आकड्यावर अवलंबून होता. कारखानिसाची नोंद ही अशी उद्याच्या निर्णयाची सामग्री होती.

१९०६ साली शाहू छत्रपतींनी कापडाची गिरणी उभारून करवीर (कोल्हापूर) संस्थानात यंत्रयुगाचा पाया घातला, पुढे उद्यमनगरात ऑइल इंजिने घडू लागली, आणि त्या परंपरेतून मोटारी व ट्रॅक्टर यांचे सुटे भाग ओतणारा आजचा उद्योग विस्तारला. या वाटचालीत हजेरीपट आणि रोजकीर्द टिकली, पण ओतकामाचे ज्ञान मात्र रसाच्या रंगावरून त्याची गरमी सांगणाऱ्या, मुठीत वाळू दाबून तिचा ओलावा ओळखणाऱ्या मेस्त्रींच्या ठायी राहिले. ते ज्ञान अस्सल होते. परंतु मेस्त्री निवृत्त झाले की ते त्यांच्याबरोबर घरी जात होते.

असे ज्ञान कागदावर आणण्याची रीत १९२४ साली अमेरिकेत वॉल्टर श्यूहार्ट यांनी आखून दिली. उत्पादनातील कोणता चढउतार स्वाभाविक आणि कोणता विशेष कारणाने घडलेला, हे दाखवणारा त्यांचा नियंत्रण-तक्ता आजच्या सर्व विश्लेषणाचा मूळपुरुष होय. संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या निमंत्रणावरून १९४७-४८ मध्ये श्यूहार्ट भारतात आले, आणि या देशातील संख्याशास्त्रीय गुणनियंत्रणाच्या चळवळीला त्यातून बळ मिळाले.

ओतकामाला या रीतीची गरज विशेष, कारण येथे दोष जन्मतो एका ठिकाणी आणि प्रकट होतो दुसऱ्या ठिकाणी. वरून निर्दोष दिसणाऱ्या कास्टिंगच्या पोटातील ब्लो होल (वायूमुळे राहिलेली पोकळी) कित्येक दिवसांनी मशीन शॉपमध्ये, कातकाम झाल्यावर उघडे पडते; तोवर तो साचा मोडलेला असतो आणि त्यातील वाळू पुन्हा फिरून दुसऱ्या साच्यांत गेलेली असते. भट्टीचे रजिस्टर, वाळूचे रजिस्टर आणि तपासणीचे रजिस्टर ही तिन्ही आपापल्या जागी खरी असूनही एकमेकांशी बोलत नाहीत. सॉफ्टवेअर हीट नंबर आणि वेळ यांच्या धाग्याने त्यांना जोडते. मग दोषांची गर्दी पाळीच्या अखेरीस होते आणि परतून येणारी वाळूही त्याच सुमारास सर्वांत तापलेली असते, असे दिसले, तर मिक्सरपासून साच्यापर्यंत पोहोचताना तिचा ओलावा उडत असावा, अशी शंका घेता येते. आणि मोल्डिंग करणाऱ्यावर ठपका ठेवण्यापूर्वी वाळू थंड करण्याची व्यवस्था तपासावी, हे सुचते.

येथेच मला कारखानिसाचे खरे वारस दिसतात. पडदा बेरजा मांडील, तक्ते काढील. पण ओलाव्याची चाचणी न घेता कालचाच आकडा आज लिहिला, तर अत्यंत कुशाग्र गणितही त्या असत्याला केवळ सुबक करून दाखवील. आणि वाईट आकडा लिहिणाऱ्याला जेथे शिक्षा होते, तेथे चांगलेच आकडे लिहिले जातील. म्हणून रात्रपाळीला वाळूचा नमुना घेऊन खरा आकडा नोंदवणाऱ्या कामगाराला निर्भय करणे, ही या विद्येची पहिली अट आहे. कारखानीस या नावाच्या आत लिहिणाऱ्याला मान देणारी भाषा आपल्यापाशी आहे. तो मान आता प्रत्यक्ष त्या हाताला मिळाला पाहिजे.