दार, पाणी आणि रात्रपाळी: ब्रिटनमधील वृद्धाश्रमांच्या नियमांचा इतिहास

इंग्लंडमध्ये निराधार म्हाताऱ्यांच्या निवाऱ्याची जबाबदारी १६०१ च्या गरीब कायद्यापासून स्थानिक चर्चच्या हद्दीतील कारभाऱ्यांवर होती. १८३४ मध्ये हा कायदा बदलला आणि वर्कहाऊस ही संस्था देशभर उभी राहिली. वर्कहाऊसमधले जिणे बाहेरच्या गरिबातल्या गरीब मजुराच्या जिण्यापेक्षाही कष्टाचे ठेवायचे, म्हणजे धडधाकट माणूस आत येणार नाही, असे त्यामागचे तत्त्व होते. त्यात भरडले गेले ते मात्र बाहेर पडण्याचे बळ न उरलेले म्हातारे. आयुष्यभर संसार केलेल्या नवरा-बायकोलाही वेगवेगळ्या विभागांत राहावे लागे. १८४७ च्या कायद्याने साठी उलटलेल्या जोडप्यांची ताटातूट करण्यास मनाई केली. तिथे राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या रोजच्या जगण्याकडे पाहून केलेल्या सुरुवातीच्या नियमांपैकी हा एक. १८६५ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने लंडनच्या वर्कहाऊसमधील आजारी विभागांची पाहणी करवली, तेव्हा तिथल्या रुग्णांची शुश्रूषा त्याच वर्कहाऊसमधल्या दुसऱ्या गरिबांवर सोपवलेली असल्याचे लोकांसमोर आले.

खासगी घरांमध्ये पैसे घेऊन आजारी व दुर्बल माणसे ठेवून घेण्याचा व्यवसाय वाढल्यावर १९२७ मध्ये शुश्रूषागृहांच्या नोंदणीचा कायदा झाला. आजार, इजा किंवा दुर्बलता असलेल्यांना ठेवून घेऊन त्यांची शुश्रूषा करणारी जागा म्हणजे शुश्रूषागृह, अशी त्यात व्याख्या होती. १९४९ च्या मुंबई शुश्रूषागृह नोंदणी कायद्यातही हेच तीन शब्द येतात. महाराष्ट्रातले दवाखाने आणि प्रसूतिगृहे याच कायद्याखाली नोंदवली जात आली. या व्याख्येतून एक प्रकारचे घर मात्र निसटत होते. जिथे शुश्रूषा नाही, नुसते राहणे, जेवण आणि थोडा हाताला आधार आहे, ते घर नोंदणीच्या बाहेर राहिले.

इंग्लंडमध्ये ही फट १९४८ च्या राष्ट्रीय साहाय्य कायद्याने बुजवली. वय किंवा दुर्बलतेमुळे ज्यांना देखभाल हवी, त्यांना निवारा देणे हे नगरपालिका आणि परगणा मंडळांचे कर्तव्य ठरले आणि खासगी व धर्मादाय वृद्धाश्रमांना नोंदणी सक्तीची झाली. आरोग्यमंत्री अन्यूरिन बेव्हन यांच्या डोळ्यांपुढे पंचवीस-तीस माणसांची लहान घरे होती. राहणारा माणूस आणि व्यवस्थापक यांचे नाते पाहुणा आणि हॉटेलचालक यांच्यासारखे असावे, असे ते म्हणत. सव्वीस शिलिंगांच्या पेन्शनमधून एकवीस आश्रमाला द्यायचे आणि पाच स्वतःच्या खर्चाला ठेवायचे, असा हिशेब होता. भिक्षेकरी आणि भाडेकरू यांच्यातला फरक त्या पाच शिलिंगांत होता.

इमारती मात्र जुन्याच राहिल्या. समाजशास्त्रज्ञ पीटर टाऊनसेंड यांनी १९५० च्या दशकाच्या शेवटी इंग्लंड आणि वेल्समधील १७३ संस्थांना भेटी दिल्या. एका जुन्या वर्कहाऊसच्या इमारतीत वृद्धांना अंघोळ घालणारा सेवक म्हणून त्यांनी काही दिवस कामही केले. १९६२ मध्ये आलेल्या ‘द लास्ट रेफ्यूज’ या त्यांच्या ग्रंथातून दिसले, की सरकारी निवाऱ्यापैकी निम्म्याच्या आसपास जागा अजूनही त्या जुन्या इमारतींत होती. लांबलचक दालनांत ओळीने खाटा मांडलेल्या, आणि माणसाच्या मालकीची म्हणावी अशी वस्तू जवळपास नाही. नोंदणीचे कागद पुरे असलेल्या संस्थेतही माणूस एकटा आणि रिकामा पडून राहू शकतो, हे त्यांनी पुराव्यानिशी मांडले. पुढच्या नियमांमध्ये स्वतःची खोली, स्वतःचे सामान आणि स्वतःची निवड हे मुद्दे आले, त्यामागे या ग्रंथाचा मोठा वाटा आहे.

आगीचा धडा नव्या इमारतीतून मिळाला. नॉटिंगहॅमशायर परगण्यात कोळशाच्या खाणींमुळे जमीन खचत असे. म्हणून १९५० च्या दशकात तिथे हलका पोलादी सांगाडा आणि तयार फलक जोडून इमारती उभारण्याची पद्धत विकसित झाली. मुळात ती शाळांसाठी होती. एडवॉल्टन येथील फेअरफील्ड हा वृद्धाश्रम त्याच पद्धतीने बांधलेला होता. १५ डिसेंबर १९७४ च्या रात्री तिथे आग लागली आणि अठरा जण दगावले. छताच्या वरच्या पोकळीत धूर आणि ज्वाळा अडवणारे आडपडदे पुरेसे नव्हते. त्यामुळे आग दिसण्याआधीच धूर डोक्यावरून झोपण्याच्या खोल्यांपर्यंत पोचला. शाळेतली मुले घंटा वाजली की दिवसाउजेडी पळत बाहेर पडतात. ज्याला उठून बसायलाही हात द्यावा लागतो, असा माणूस रात्री झोपेत असताना हे गणित बदलते. इमारत रिकामी करण्याऐवजी माणसांना अग्निरोधक दारापलीकडच्या सुरक्षित भागात हलवायचे, ही पद्धत अशा अनुभवांतून वृद्धाश्रमांत रूढ झाली.

१९८० च्या दशकात खासगी वृद्धाश्रमांची संख्या झपाट्याने वाढली. अल्प उत्पन्नाच्या वृद्धांचा आश्रमखर्च सामाजिक सुरक्षेच्या निधीतून मिळू लागला होता. १९७९ मध्ये सुमारे एक कोटी पौंड असलेला हा खर्च दशकाच्या शेवटी शंभर कोटींच्या घरात गेला. समुद्रकाठची जुनी हॉटेले आणि मोठी घरे वृद्धाश्रम झाली. १९८४ च्या नोंदणीकृत निवास कायद्याने आश्रम चालवणारी व्यक्ती त्या कामाला लायक आहे का, हे तपासण्याचा अधिकार स्थानिक यंत्रणेला दिला. त्याच वर्षी ‘होम लाइफ’ ही आचारसंहिता निघाली. तिचा भर रहिवाशाच्या खासगीपणावर आणि प्रतिष्ठेवर होता. एका परगण्यातला तपासनीस कडक आणि शेजारचा सैल, ही तक्रार मात्र कायम राहिली.

ती दूर करण्यासाठी २००० मध्ये देखभाल निकष कायदा आला आणि एप्रिल २००२ पासून वृद्धाश्रमांसाठी ३८ राष्ट्रीय किमान निकष लागू झाले. हा दस्तऐवज आजही मुळातून वाचण्यासारखा आहे, कारण त्यात माणसाचा अख्खा दिवस मोजलेला दिसतो. दिवसातून तीन वेळा पोटभर जेवण, त्यात निदान एक गरम. रात्रीचे शेवटचे खाणे आणि सकाळची न्याहारी यांत बारा तासांहून जास्त अंतर नको. बारा तासांचा हा आकडा लिहिणाऱ्याला संध्याकाळी पाचला जेवण उरकून स्वयंपाकघराला कुलूप लावणारी संस्था माहीत असली पाहिजे. अंघोळीच्या नळाला येणारे पाणी ४३ अंश सेल्सिअसच्या आसपास असावे, कारण म्हातारी कातडी पातळ असते आणि ज्याला चटका लवकर जाणवत नाही तो टबातून वेळेत बाहेरही येऊ शकत नाही. साठवणीच्या टाकीतले पाणी मात्र साठ अंशांवर ठेवायचे, नाहीतर त्यात लीजिओनेला हा जिवाणू वाढतो. म्हणून टाकी आणि नळ यांच्यामध्ये पाणी मिसळणारी झडप बसवावी लागते आणि तापमान तपासून वहीत नोंदवावे लागते. नव्या इमारतीत एकट्याची खोली निदान बारा चौरस मीटर हवी. निम्मे कर्मचारी प्रशिक्षित हवेत. जागेचे निकष लहान आश्रमांना परवडेनात आणि आश्रम बंद पडू लागले, तेव्हा सरकारने चालू आश्रमांसाठी खोलीच्या मापाची अट वर्षभरातच सैल केली. रहिवाशांचे त्यात नुकसानच झाले.

रात्रपाळीबद्दल निकषांत इतकेच होते, की रहिवाशांच्या संख्येला आणि गरजेला पुरतील इतके कर्मचारी रात्री जागे असावेत. ‘पुरतील’ म्हणजे किती, हे ठरवण्याचे काम व्यवस्थापकाकडे राहिले.

स्कॉटलंडचे नियम वेगळे असले, तरी ३१ जानेवारी २००४ ची घटना दोन्हीकडच्या यंत्रणांना हादरवून गेली. अडिंगस्टन येथील रोझपार्क आश्रमात चाळीस रहिवासी होते आणि रात्रपाळीवर चौघे. पहाटे साडेचारच्या सुमारास वरच्या मजल्यावरच्या बोळातील, वीजवितरणाची पेटी असलेल्या कपाटात आग लागली आणि घंटा वाजली. आग नेमकी कुठे आहे हे फलकावरून कर्मचाऱ्यांना नीट उमगले नाही, शोधाशोधीत मिनिटे गेली आणि अग्निशमन दलाला फोन सुमारे नऊ मिनिटांनी गेला. बऱ्याच खोल्यांची दारे उघडी होती. एकट्या झोपणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला दार किलकिले असले की बोळातल्या उजेडाचा धीर वाटतो, आणि त्याच दारातून धूर आत येतो. चौदा रहिवासी मृत्युमुखी पडले. २०११ च्या चौकशी अहवालाने ठपका व्यवस्थापनावर ठेवला: धोक्याची योग्य पाहणी झाली असती, कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण झाले असते, तर यांतले काही किंवा सगळे वाचू शकले असते. खटले मात्र टिकले नाहीत, कारण आश्रम चालवणारी भागीदारी तोवर विसर्जित झाली होती. ही पळवाट बंद करण्यासाठी २०१३ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. आपोआप मिटणारी पण एरवी उघडी राहू शकणारी, घंटेशी जोडलेली दारे आता रूढ झाली आहेत.

२००९ पासून इंग्लंडमधील तपासणी देखभाल गुणवत्ता आयोगाकडे आली. मोजमापांनी भरलेले ३८ निकष २०१० मध्ये गेले आणि २०१५ पासून मूलभूत मानके आली. त्यांत आकडे कमी आणि तत्त्वे जास्त आहेत. आश्रमांना ‘उत्कृष्ट’पासून ‘अपुरा’पर्यंत चार श्रेणी मिळतात. २०११ मध्ये साडेसातशेच्या आसपास आश्रम चालवणारी सदर्न क्रॉस ही कंपनी इमारतींच्या भाड्याखाली कोसळली आणि सुमारे ३१,००० रहिवाशांच्या डोक्यावरचे छप्पर अनिश्चित झाले. त्यातून पुढे २०१५ पासून बड्या कंपन्यांची आर्थिक प्रकृती तपासणे हेही आयोगाचे काम झाले.

भारतात १९४९ च्या मुंबई कायद्यातली ती फट दीर्घकाळ तशीच राहिली. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यातील कलम १९ मध्ये प्रत्येक जिल्ह्यात निदान १५० निराधार ज्येष्ठांसाठी एक वृद्धाश्रम असावा, आणि वृद्धाश्रमांच्या व्यवस्थापनाचे निकष राज्य सरकारने ठरवावेत, अशी तरतूद आहे. पण तिचा आरंभ ‘राज्य सरकार करू शकेल’ असा आहे. महाराष्ट्राचे नियम २०१० मध्ये निघाले. सर्व वृद्धाश्रमांना नोंदणी सक्तीची करणारे आणि किमान निकष लावणारे दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले. सतराव्या लोकसभेची मुदत संपली, तेव्हा ते मंजूर झालेले नव्हते.