वेबसाइट किंवा लॉगिन हॅक झालंय, हे वेळेत कसं ओळखाल?

यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णी तालुक्यात शेंदुरसनी हे गाव आहे. लोकसंख्या दीड हजारांच्या आसपास. सप्टेंबर ते नोव्हेंबर २०२५ या तीन महिन्यांत या ग्रामपंचायतीच्या सीआरएस आयडीवर, म्हणजे जन्म-मृत्यू नोंदणीच्या सरकारी पोर्टलवर, २७ हजारांहून जास्त जन्म नोंदले गेले. उशिरा केलेल्या नोंदींची तपासणी सुरू असताना हे उघड झालं आणि पोलिसांत गुन्हा दाखल झाला.

आता हिशोब करा. एवढ्या गावात वर्षाला साधारण वीस-पंचवीस जन्म होतात. इथे सरासरी दिवसाला तीनशे नोंदी पडल्या. रोजचा आकडा कोणी पाहिला असता, तर पहिल्याच दिवशी शंका आली असती.

होमपेजवर विसंबू नका

हॅक म्हटलं की काळी स्क्रीन आणि हॅकरचं नाव डोळ्यांसमोर येतं. पण बरेचदा साइट बंद पडत नाही आणि होमपेजही जसंच्या तसं राहतं. चोराला आतून काम करायचं असतं. म्हणून आधी आपलं 'नेहमीचं' काय ते लिहून ठेवा: रोज किती नोंदी किंवा ऑर्डर येतात, कोण कधी लॉगिन करतं. त्यापेक्षा वेगळं दिसलं की तपासा.

काय काय पाहायचं?

- लॉगिन: रात्री-अपरात्री, अनोळखी ठिकाणाहून झालेलं लॉगिन, एकाच आयडीवर सतत चुकणारे पासवर्ड.
- युजर यादी: तुम्ही न बनवलेला नवा अ‍ॅडमिन. वर्डप्रेस असेल तर आठवड्यातून एकदा ही यादी उघडाच.
- फाइल्स: तुम्ही हात न लावता बदललेल्या फाइल्स, अपलोड फोल्डरमध्ये आलेली पीएचपी फाइल. वर्डफेन्ससारखं प्लगइन अशा बदलांची सूचना देतं.
- गुगल: सर्च कन्सोलमध्ये 'सिक्युरिटी इश्यूज' पाहा. गुगलवर आपल्या साइटचं नाव शोधा. जुगाराची किंवा जपानी भाषेतली पानं दिसली तर गडबड आहे. अशी पानं कधीकधी फक्त गुगलवरून येणाऱ्यालाच दिसतात, म्हणून थेट साइट उघडून कळत नाही.

शंका आली तर?

१. आधी स्क्रीनशॉट घ्या, लॉगची कॉपी सुरक्षित ठेवा. घाईत सगळं डिलीट केलंत तर पुरावाही जातो.
२. सगळ्या खात्यांतून लॉगआउट करा, पासवर्ड बदला आणि टू-फॅक्टर सुरू करा.
३. हॅक होण्याआधीचा बॅकअप टाका, प्लगइन अपडेट करा.
४. राष्ट्रीय सायबर क्राईम पोर्टलवर तक्रार करा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा. सर्ट-इनच्या २०२२ च्या निर्देशांनुसार संस्थांनी सायबर हल्ला लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायचं असतं आणि लॉग १८० दिवस जपायचे असतात.

एक सवय लावून घ्या

ऑफिसचा आयडी-पासवर्ड टेबलावर चिकटवलेला, चार जणांना ठाऊक असलेला, असं चित्र नवं नाही. मग नोंद नक्की कोणी केली, हे लॉग पाहूनही सांगता येत नाही. प्रत्येकाला वेगळा आयडी द्या आणि रोज संध्याकाळी दिवसभराचा आकडा एकाने बघायचा, असं ठरवून टाका. दोन मिनिटांचं काम आहे.