मळवलीची चित्रे आणि आपल्या घरची भिंत

आज आपण घराच्या भिंतीविषयी बोलणार आहोत. दिवाळी तोंडावर आली किंवा घरात कार्य निघाले, की खोलीवरून एकदा हात फिरवावा, चार गोष्टी नव्या लावाव्यात, असे प्रत्येकाच्या मनात येते. आणि पाठोपाठ दुसरा विचार येतो, की याला पैसा किती पडेल? घर सजवायचे म्हणजे बाजारातून काहीतरी महागाचे आणायचे, अशी आपली समजूत होऊन बसली आहे. ती समजूत किती नवी आहे, आणि आपल्याच मावळाचा इतिहास याविषयी काय सांगतो, ते पाहू.

टाकवे बुद्रुक हे आंदर मावळातले गाव. त्याला रेल्वेस्टेशन कान्ह्याचे. तेथून लोणावळ्याकडे निघालात, की कामशेत जाते आणि मग मळवली येते. कार्ले-भाज्याची लेणी पाहायला जाणारे लोक येथे उतरतात. पण या मळवलीजवळ एक छापखाना होता, आणि देशभरच्या लहानमोठ्या घरांत भिंतीवर जे देव आले, त्यांतले पुष्कळसे तेथून छापून निघाले, हे किती जणांस ठाऊक असेल?

त्याच्या आधी भिंतीवर काय होते? अगदीच काही नव्हते, असे नाही. जमीन शेणाने सारवलेली, भिंतीला पांढऱ्या मातीचा पोतेरा, खालच्या बाजूला गेरूचा पट्टा, ही आपल्या घरांची जुनी सजावट. नागपंचमीला बायका भिंतीवर नाग काढत. लग्नघराच्या दाराशी चुन्यात आणि गेरूत हत्ती, मोर उमटत. तिकडे ठाणे-पालघरच्या डोंगरांत वारली बायका तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहीत आल्या आहेत. ही सारी घरच्या माणसांची कला. तिला खर्च नव्हता. पण तिचे आयुष्य फार थोडे. एक पावसाळा गेला, की भिंत पुन्हा कोरी. रेखीव, रंगीत, टिकाऊ चित्र हवे असेल तर ते पेशव्यांच्या किंवा सरदारांच्या वाड्यात आणि देवळात. शेतकऱ्याने ते दुरूनच पाहायचे.

हे बदलले ते शिळाछापाने. ही युक्ती बव्हेरियातल्या आलोइस सेनेफेल्डर याने अठराव्या शतकाच्या अखेरीस शोधून काढली. तिचे तत्त्व आपल्या स्वयंपाकघरातलेच आहे: तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. गुळगुळीत घासलेल्या चुनखडीच्या शिळेवर तेलकट खडूने चित्र काढायचे, मग शिळा ओली करायची. कोऱ्या जागी पाणी राहते, रेघेवर राहत नाही. आता तेलकट शाईचा रूळ फिरवला, की शाई फक्त रेघेला धरते. कागद दाबला, की चित्र उमटले. रंगीत चित्राला एकेका रंगासाठी वेगळी शिळा लागे, आणि प्रत्येक वेळी कागद नेमका त्याच जागी बसवावा लागे. गुरुजींनी वर्गात मेणाच्या खडूने रेघ ओढून वरून पाण्याचा रंग फिरवला, तर मुलांना हे तत्त्व एका मिनिटात कळेल.

पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी १८७८ साली चित्रशाळा काढली, आणि रामपंचायतनासारखी रंगीत चित्रे लोकांच्या हाती येऊ लागली. पुढे १८८४ साली बडोद्याचे माजी दिवाण टी. माधवराव यांनी राजा रविवर्मा यांना सुचवले, की तुमची चित्रे थोड्या लोकांपाशी राहतात. त्यांच्या छापील प्रती काढाव्यात. हे माधवराव दक्षिणेत स्थायिक झालेल्या मराठी घराण्यातले. रविवर्मा त्रावणकोरातले, १८४८ सालचा जन्म. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांसाठी त्यांनी १४ पौराणिक चित्रे केली, तेव्हा ती पाहायला लोटलेली गर्दी त्यांनी पाहिली. अखेर १८९४ साली मुंबईत जर्मन यंत्रे आणून त्यांनी छापखाना घातला. पहिले चित्र निघाले ते शकुंतलेच्या जन्माचे. मागून लक्ष्मी आली, सरस्वती आली.

१८९६ साली मुंबईत प्लेग शिरला, आणि १८९९ साली छापखाना मळवलीजवळ आला. मावळातून रेल्वे १८५८ पासून धावत होती, आणि १८६३ साली बोरघाट चढून मुंबईशी जोडली गेली होती. जड शिळा आणि कागदाचे गठ्ठे आणायला, छापलेली चित्रे देशावर धाडायला, दुसरी सोय कोणती हवी?

धंदा मात्र रविवर्म्यांना लाभला नाही. कर्ज वाढले, आणि नव्या शतकाच्या आरंभी छापखाना त्यांच्याच जर्मन तंत्रज्ञाकडे, फ्रिट्झ श्लायशर यांच्याकडे गेला. त्यांनी देवादिकांच्या चित्रांबरोबर कॅलेंडरे, पोस्टकार्डे, मालावरची लेबले असे किरकोळ वाटणारे कामही धरले, आणि छापखाना तगला. दादासाहेब फाळके यांनीही काही काळ या छापखान्याचे काम केले. १९१३ सालचा ‘राजा हरिश्चंद्र’ त्यानंतरचा.

आता या स्वस्त कागदाचे मोल काय, ते पाहा. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांस उघडे व्हावे म्हणून साने गुरुजींना १९४७ साली उपोषण करावे लागले. म्हणजे मळवलीची चित्रे गावोगाव जाऊ लागल्यापासून पुढे चाळीसहून अधिक वर्षे, ज्यांना देवळाची पायरी चढू देत नसत, त्यांनाही देवाचे चित्र विकत घेऊन स्वतःच्या भिंतीवर लावता येत होते. तेथे कोणी अडवणारा नव्हता. पुढे त्याच भिंतींवर देशाचे पुढारी आले. आणि १९५६ च्या धर्मांतरानंतर कित्येक घरांनी जुने देव उतरवून बुद्ध आणि बाबासाहेब यांची चित्रे लावली. घरच्या भिंतीवर कोण असावे, हे घरच्याने ठरवायचे, हा अधिकार छापील चित्राने दिला. सजावट म्हणून आपण ज्याकडे पाहतो, त्यात एवढी मोठी गोष्ट आहे.

आणखी एक मौज सांगतो. चित्र बाजारातून आले तरी घरच्या बायकांनी ते तसेच लावले नाही. कोणी देवीच्या लुगड्यावर खरे कापड चिकटवले, काठाला जर लावली, दागिन्यांच्या जागी टिकल्या आणि मणी बसवले. अशी सजवलेली जुनी चित्रे आजही संग्रहांत पाहायला मिळतात. छापखान्यातून हजारो प्रती सारख्या निघाल्या. घरी आल्यावर प्रत्येक प्रत वेगळी झाली. सारवणारा, गेरू लावणारा हात येथेही थांबला नाही.

मग आपण काय करावे? भिंत मातीची किंवा चुन्याच्या गिलाव्याची असेल तर कळीचा चुना आणा. पाण्यात टाकताच तो उकळतो, म्हणून मुलांना दूर ठेवा आणि डोळे सांभाळा. रात्रभर भिजला की फडक्यातून गाळून घ्या, चिमूटभर नीळ घाला. भिंत आधी पाण्याने ओली करा, आणि एक जाड हात मारण्याऐवजी दोन पातळ हात द्या. ऑइलपेंटवर मात्र चुना धरत नाही. खाली गेरूचा पट्टा ओढला, की खोली नवी दिसते. गेलेल्या वर्षाच्या कॅलेंडरातले चांगले चित्र पुठ्ठ्यावर खळीने चिकटवा, आणि जुन्या लुगड्याच्या जरीकाठाची कड त्याला लावा. मावळातला पाऊस तुम्हांस ठाऊकच आहे. तसबीर भिंतीला चिकटून राहिली तर मागून ओल धरते. चौकटीच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांना लाकडाचे छोटे तुकडे मारले, की मागून हवा खेळते. चित्रावर सरळ ऊन पडू देऊ नका, रंग उडतो.

पण घरात जुने चित्र असेल, तर ते रद्दीत घालण्याआधी एक करा. त्याच्या खालची बारीक अक्षरे वाचा. छापखान्याचे नाव पुष्कळदा तेथेच असते. मळवलीचा तो छापखाना १९७२ साली आगीत जळाला. तेथे शिळा घासणारे, रूळ फिरवणारे, गठ्ठे स्टेशनावर पोचवणारे हात होते. रविवर्म्यांवर ग्रंथ झाले. या माणसांची नावे शोधणे अजून बाकी आहे. त्या वेळी ऐन विशीत असलेली माणसे आता सत्तरी ओलांडून गेली आहेत.

म्हणून मावळातल्या गुरुजनांना माझी विनंती आहे. या दिवाळीच्या सुट्टीत मुलांना एवढेच काम द्या: घरातली आणि शेजारची जुनी चित्रे पाहावीत, त्यांखालचा मजकूर वहीत उतरवावा, आणि आजी-आजोबांना विचारावे, की हे चित्र कोणी आणले, केव्हा आणले, आणि त्या आधी या भिंतीवर काय होते? चुना वाळेपर्यंत गप्पा मारायला वेळ असतोच. तेवढ्यात हे विचारून होईल.