लाल दिवा लागला, बझर वाजला… जुन्या कॅम्परव्हॅनमधील तेलदाबाची तक्रार

प्रतिनिधी

लांबचा चढ संपवून गाडी सपाटीला लागते. तेवढ्यात डॅशबोर्डवरील तेलाच्या झारीचे चित्र असलेला लाल दिवा लुकलुकू लागतो आणि पाठोपाठ बझर वाजतो. फोक्सवॅगनच्या टी-३ कॅम्परव्हॅनच्या मालकांना हा प्रसंग चांगलाच परिचयाचा आहे. १९७९ मध्ये जर्मनीत आलेली ही गाडी ब्रिटनमध्ये टी-२५, तर अमेरिकेत व्हॅनागन म्हणून ओळखली जाते. तिथे स्थायिक झालेल्या एखाद्या हौशी मराठी कुटुंबाने ती जुन्या बाजारात घेतली, तर हा बझर केव्हातरी ऐकावा लागण्याची शक्यता बरीच आहे.

प्रश्न पैशांचाही आहे. इशारा खरा असूनही दुर्लक्ष केले, तर क्रँकची बेअरिंगे जळून इंजिन जाम होते. इशारा खोटा असताना घाईने इंजिन उतरवले, तर हजारो युरोंचा भुर्दंड विनाकारण पडतो. म्हणून दाब प्रत्यक्ष मोजल्याशिवाय कोणताही निष्कर्ष काढू नये.

आपल्याकडील बहुतेक जुन्या गाड्यांत तेलदाबासाठी एकच स्विच असे. पाण्याने थंड होणारे पेट्रोल इंजिन असलेल्या नंतरच्या टी-३ मध्ये मात्र दोन आहेत आणि सारा घोळ तेथूनच सुरू होतो. पहिला स्विच ०.३ बार दाबाचा. इंजिन बंद असताना तो जोडलेला असतो. दाब चढला की उघडतो आणि दिवा विझतो. दुसरा ०.९ बारचा असून त्याची रीत नेमकी उलटी आहे. दाब आल्यावरच तो जोडला जातो. इंजिनाचे फेरे मिनिटाला २०००च्या वर गेले, की मीटरमागील इलेक्ट्रॉनिक नियंत्रक या दुसऱ्या स्विचकडे पाहतो. तो जोडलेला न आढळल्यास दिवा लुकलुकतो व बझर वाजतो. (१ बार म्हणजे टायरमधील हवेच्या मापात सुमारे १४.५ पीएसआय.)

याचा अर्थ असा, की दुसऱ्या स्विचची वायर नुसती तुटली किंवा तिचे टोक गंजले, तरी इंजिन ठणठणीत असताना बझर वाजणार. पहिल्याची वायर खरचटून इंजिनाच्या धातूला टेकली, तर दिवा विझणारच नाही. मीटरमागे छापील तारांची पातळ पट्टी असते. वयोमानाने तिला चिरा पडतात आणि त्यातूनही खोटे इशारे येतात.

तरीही रस्त्यात दिवा लागला, की तो खराच मानून गाडी कडेला घ्यावी व इंजिन ताबडतोब बंद करावे. काही मिनिटांनी, तेल खाली उतरल्यावर, मागील नंबरप्लेटच्या झडपेआड असलेली ऑइलची पट्टी काढून पाहावी. पातळी कमी असेल तर तेल भरावे. तेलाला पेट्रोलचा वास येत असेल, तर पेट्रोल झिरपून ते पातळ झाले आहे. रंग दुधाळ चहासारखा दिसला, तर त्यात पाणी मिसळले आहे. सिलिंडर हेडजवळील पाण्याची गळती हे या इंजिनाचे जुनेच दुखणे. दोन्ही बाबतींत इंजिन पुन्हा सुरू न करता गाडी ओढून न्यावी.

तेल स्वच्छ व पुरेसे असेल, तर पुढचे काम गॅरेजमधले. एक स्विच काढून त्याच्या जागी यांत्रिक दाबमापक बसवायचा. स्विचचे आटे १० मिलिमीटर व्यासाचे, १ मिलिमीटर अंतराचे असतात. ही मोजणी गार इंजिनावर करून काहीच उपयोग नाही, कारण गार तेल घट्ट असते आणि झिजलेल्या इंजिनातही दाब भरपूर दाखवते. अर्धा तास तरी गाडी चालवून, तेल सुमारे ८० अंश सेल्सिअसला आल्यावर मोजावे. त्या वेळी २००० फेऱ्यांना किमान २ बार दाब हवा. तो मिळाला तर दोष विजेच्या बाजूचा. स्विच, वायर, मीटरची पट्टी आणि शेवटी नियंत्रक, असे क्रमाने तपासावे. स्विच स्वस्त असल्याने दोन्ही एकदमच बदलणे शहाणपणाचे.

दाब खरोखर कमी भरला, तरी लगेच इंजिन खोलू नये. आधी तेल व फिल्टर बदलावा. दाब नियंत्रित करणारा स्प्रिंगचा दट्ट्या कचऱ्याने अडकला आहे का, हे पाहावे. मग तेलपंप. एवढे करूनही गरम इंजिनाचा दाब चढत नसेल, तर बेअरिंगांची झीज गृहीत धरावी लागते आणि मग इंजिन उतरवणे टळत नाही. अधिक घट्ट तेल भरून दिवा काही काळ विझवता येतो, पण झीज थांबत नाही. विकायला काढलेल्या गाडीत हा उपाय हमखास योजला जातो.

अशी गाडी घेताना म्हणूनच इंजिन सुरू न करता नुसती चावी फिरवून पाहावी. लाल दिवा लागलाच पाहिजे. न लागल्यास बल्ब गेला आहे किंवा कोणीतरी पहिल्या स्विचची वायर काढून ठेवली आहे. त्यानंतर गाडी चांगली तापेपर्यंत चालवावी, उभी करून इंजिन संथ फिरू द्यावे आणि विक्रेत्याशी गप्पा मारताना एक डोळा त्या दिव्यावर ठेवावा.