दृक्-कारक कसोट्या

डोळ्यांनी पाहिलेली आकृती हाताने कागदावर उतरविण्याच्या क्षमतेचे मापन करणाऱ्या मानसशास्त्रीय कसोट्या. आकृतीची नक्कल करणे ही वरवर साधी वाटणारी कृती अनेक व्यापारांची मिळून बनलेली असते. आकृतीच्या घटकांमधील संबंध ओळखणे, ते काही क्षण ध्यानात धरणे, रेषांचा क्रम ठरविणे, बोटांच्या व मनगटाच्या हालचालींचे नियमन करणे आणि उमटणारी रेषा पाहत ती सुधारत जाणे या सर्वांचा मेळ जमला, तरच नक्कल साधते. यांपैकी एका व्यापारात उणीव राहिली, तरी चित्र बिघडते. परंतु बिघडलेल्या चित्रावरून ती उणीव नेमकी कोठे आहे, हे कळत नाही. या कसोट्यांचा शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास मुख्यतः याच अडचणीशी निगडित आहे.

पूर्वपीठिका : आकृतीची नक्कल मानसिक मापनात आणण्याचे श्रेय मुख्यत्वे फ्रेंच मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड बीने (१८५७–१९११) यांच्याकडे जाते. बीने व तेओदोर सीमाँ यांच्या १९०८ च्या बुद्धिमापन श्रेणीत चौरसाची नक्कल पाचव्या वर्षाच्या, तर समभुज चौकोनाची नक्कल सातव्या वर्षाच्या पातळीवर ठेवलेली होती. दोन्ही आकृत्यांना चारच बाजू असतात. तथापि तिरप्या रेषा एकमेकींशी जुळविणे मुलांना पुष्कळ उशिरा साधते. साधारणपणे तिसऱ्या वर्षाच्या सुमारास वर्तुळ, चौथ्याच्या सुमारास फुली, पाचव्याच्या सुमारास चौरस आणि त्यानंतर त्रिकोण असा हा विकासक्रम पुढे अनेक निरीक्षणांतून स्पष्ट झाला.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्लॉरेन्स गुडइनफ (१८८६–१९५९) यांनी १९२६ मध्ये वेगळा मार्ग अवलंबिला. त्यांच्या कसोटीत मुलाने समोरची आकृती न पाहता मनाने माणसाचे चित्र काढावयाचे असते व त्यात दाखविलेल्या अवयवांवरून आणि तपशिलांवरून गुण दिले जातात. या कसोटीला भाषेची गरज नसल्यामुळे ती अनेक देशांत वापरली गेली. भारतीय मुलांसाठी तिची श्रेणी प्रमिला फाटक यांनी बडोदे येथे सिद्ध केली.

बेंडर कसोटी : माक्स व्हेर्थायमर (१८८०–१९४३) यांनी १९२३ मध्ये संवेदनाच्या संघटनाविषयीचा आपला निबंध प्रसिद्ध केला. सुटे ठिपके व रेषा नजीकता, सादृश्य, सातत्य इ. तत्त्वांनुसार एकत्र येऊन डोळ्यांना अखंड आकृतीच्या रूपात कशा दिसतात, हे त्यांनी अनेक आकृत्यांच्या साहाय्याने दाखविले होते [→ व्यूह मानसशास्त्र]. न्यूयॉर्क येथील बेलव्ह्यू रुग्णालयातील मनोविकारतज्ञ लॉरेटा बेंडर (१८९७–१९८७) यांनी मुख्यतः यांतीलच नऊ आकृत्या निवडून रुग्णांकडून त्यांची नक्कल करून घेतली व १९३८ मध्ये त्यासंबंधीचा ग्रंथ प्रसिद्ध केला. पाहणे हे निष्क्रिय ग्रहण नसून पाहणाऱ्याच्या परिपक्वतेनुसार आकृतीची पुनर्रचना होत असते, ही त्यांची भूमिका होती.

नऊ पत्रिका, एक कागद व एक पेन्सिल एवढ्याच साहित्यावर भागत असल्यामुळे ही कसोटी अल्पावधीत सर्वत्र रूढ झाली. मात्र बेंडर यांनी काटेकोर गुणांकनपद्धती दिलेली नव्हती. मुलांच्या बाबतीत ही उणीव एलिझाबेथ कोपिट्झ (१९१९–८३) यांनी १९६३ मध्ये भरून काढली. पाच ते दहा वर्षे वयोगटासाठी त्यांनी तीस प्रमादांची यादी केली. आकृतीचा विपर्यास, तिचे परिवलन, घटकांची विसंगत जुळणी व त्याच घटकाची अनावश्यक पुनरावृत्ती, असे या प्रमादांचे चार प्रमुख प्रकार होत. प्रमाद जितके अधिक, तितकी दृक्-कारक परिपक्वता कमी, असा हा हिशेब होता. यानंतर १९६७ मध्ये कीथ बिअरी व नॉर्मन बुक्टेनिका यांनी चोवीस आकृत्यांची, सोप्याकडून अवघडाकडे जाणारी कसोटी प्रसिद्ध केली. बेंडर कसोटीची २००३ मध्ये निघालेली दुसरी आवृत्ती सोळा आकृत्यांची आहे.

अध्ययन अक्षमतेशी सांगड : या कसोट्या शाळेत शिरल्या, त्या एका वेगळ्याच प्रश्नाच्या ओघात. डब्ल्यू. प्रिंगल मॉर्गन या इंग्रज वैद्यांनी १८९६ मध्ये एका चौदा वर्षांच्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली होती. हा मुलगा हुशार व दृष्टीने निर्दोष असूनही वाचू शकत नव्हता. अशा स्थितीला त्यावेळी ‘शब्दांधत्व’ म्हणत. या नावामुळेच वाचनदोष हा पाहण्यातील दोष असावा, असा ग्रह दृढ झाला. सॅम्युएल ऑर्टन (१८७९–१९४८) यांनी १९२५ मध्ये अशा मुलांच्या हातून अक्षरे व शब्द उलटसुलट होत असल्याकडे लक्ष वेधले. त्याचे कारण मात्र ते डोळ्यांत नव्हे, तर मेंदूच्या दोन अर्धगोलांच्या वर्चस्वसंबंधात शोधत होते.

आल्फ्रेड स्ट्राउस (१८९७–१९५७) व लॉरा लेटिनेन यांचा १९४७ मधील ग्रंथ या संदर्भात निर्णायक ठरला. मेंदूला इजा झालेल्या मुलांच्या संवेदनातील विस्कळितपणाचे वर्णन त्यात होते. पुढे उलट दिशेने अनुमान काढण्याची प्रथा पडली : ज्याची नक्कल विस्कळित, त्याच्या मेंदूस इजा झालेली असावी, असे मानले जाऊ लागले. इजेचा कोणताही वैद्यकीय पुरावा नसलेल्या मुलांनाही ‘किमान मेंदूदोष’ अशा संज्ञेखाली घालण्यात आले. सॅम्युएल कर्क (१९०४–९६) यांनी १९६३ मध्ये शिकागो येथील पालकांच्या परिषदेत ‘अध्ययन अक्षमता’ ही संज्ञा पुढे मांडली, तिचा एक हेतू मेंदूतील कल्पित कारणाऐवजी मुलाच्या शैक्षणिक गरजेकडे लक्ष वळविणे हा होता.

याच सुमारास लॉस अँजेल्स येथे मारिआन फ्रॉस्टिग (१९०६–८५) यांनी दृक्-संवेदनाच्या पाच घटकांची कसोटी व तिला जोडून सरावपाठ तयार केले. न्यूएल केफार्ट (१९११–७३) यांनी १९६० मध्ये वाचनाचा पाया शारीरिक हालचालींत असल्याचे प्रतिपादन केले. परिणामी अनेक शाळांतून मंदगतीने वाचणाऱ्या मुलांकडून ठिपके जोडणे, बोगद्यासारख्या दोन रेषांमधून पेन्सिल नेणे, अरुंद फळीवरून तोल सावरीत चालणे असे व्यायाम करून घेण्यात येऊ लागले. त्या वेळात त्यांना वाचन मात्र शिकविले जात नव्हते.

फेरतपासणी : स्टीफन लार्सन व डोनाल्ड हॅमिल यांनी १९७५ मध्ये उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेऊन दृक्-संवेदनाच्या कसोट्यांतील गुण व शालेय प्रगती यांचा संबंध क्षीण असल्याचे दाखविले. फ्रँक व्हेलुटिनो यांच्या प्रयोगांत हिब्रू लिपी न जाणणाऱ्या मुलांना हिब्रू शब्द दाखवून ते स्मरणाने काढावयास सांगितले होते. वाचनात मागे पडलेली मुले या कामात इतरांच्या मागे पडली नाहीत. या मुलांची मुख्य अडचण आकार पाहण्यात नसून भाषेत, विशेषतः उच्चारित ध्वनी व लिखित चिन्हे यांची सांगड घालण्यात असते, हे त्यांनी १९७९ मधील ग्रंथात मांडले व पुढील संशोधनाने त्यास मोठ्या प्रमाणात पुष्टी मिळाली. केनेथ कव्हेल व डेनिस मॅटसन यांनी १९८३ मध्ये संवेदन-कारक प्रशिक्षणाविषयीच्या १८० अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले, तेव्हा या प्रशिक्षणाचा लाभ नगण्य असल्याचे आढळून आले.

यावरून दृक्-कारक कसोट्या निरुपयोगी ठरल्या, असे नव्हे. हस्तलेखनातील अडचण, हालचालींच्या समन्वयातील विकासदोष, मेंदूस झालेली इजा व तीनंतरची सुधारणा यांच्या अभ्यासात त्यांचे स्थान टिकून राहिले. खोटे ठरले, ते नकलेवरून वाचनाविषयी व मेंदूविषयी सरसकट काढलेले अनुमान.

अंकीय साधने : कागदावरील कसोटीची एक मर्यादा मात्र कोणत्याही गुणांकनाने दूर होण्यासारखी नव्हती. कागदावर केवळ पूर्ण झालेले चित्र उरते. ते कसे घडत गेले, हे नाहीसे होते. दोन मुलांचे चौरस दिसण्यात सारखे असले, तरी एकाने तो सहज चार रेषांत काढलेला असतो, तर दुसऱ्याने दहा वेळा थांबून व पेन्सिल घट्ट दाबून तो कसाबसा पुरा केलेला असतो. लेखणीची जागा विद्युत् संकेतांनी टिपणारी लेखनपाटी अमेरिकेतील रँड संस्थेने १९६४ मध्ये तयार केली. पुढे १९८० नंतर नेदर्लंड्‌समधील नाइमेखन विद्यापीठात व अन्यत्र अशा पाट्यांचा हस्तलेखनाच्या अभ्यासासाठी पद्धतशीर उपयोग सुरू झाला. या पाट्या लेखणीच्या टोकाचे स्थान सेकंदाला शंभर वा त्याहून अधिक वेळा नोंदवितात. टोकाचा दाब, लेखणीचा कल व वेगातील चढउतारही त्यांत नोंदले जातात.

या नोंदींतून मिळालेली सर्वांत अनपेक्षित माहिती कागदावर न उमटणाऱ्या हालचालींविषयीची होती. लेखणी पृष्ठभागापासून किंचित वर असतानाही पाटीला तिचे स्थान कळते. इझ्राएलमधील सारा रोझेनब्लूम व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये तिसरीच्या मुलांवरील अभ्यासात असे दाखविले, की अकुशल लेखन करणाऱ्या मुलांची लेखणी बराच अधिक वेळ हवेत राहते आणि हा वेळ नुसत्या विश्रांतीचा नसून त्यात ती इकडेतिकडे फिरत असते. शिक्षकाला जे मूल केवळ ‘सावकाश लिहिणारे’ दिसते, त्याचे श्रम येथे प्रथमच मोजता आले.

स्वित्झर्लंडमधील लोझॅन येथील संशोधकांनी २०१८ मध्ये फ्रान्समधील सहकाऱ्यांसह २९८ मुलांच्या लेखनाचा अभ्यास प्रसिद्ध केला. मुळात नेदर्लंड्‌समध्ये १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, पाच मिनिटे उतारा उतरवून घेण्याच्या कसोटीचा त्यात वापर होता. पाटीवरील नोंदींतून काढलेल्या ५३ लक्षणांच्या आधारे लेखन-अक्षमता असलेली मुले संगणकाने मोठ्या अचूकतेने वेगळी केली. परंतु पुढच्याच वर्षी अन्य संशोधकांनी या अभ्यासाच्या रीतीवर आक्षेप घेतले. आधीच निदान झालेली मुले व सर्वसाधारण मुले वेगळी करणे आणि शाळेतील वर्गात सीमारेषेवरील मूल अचूक ओळखणे, ही दोन कामे सारखी नाहीत. शिवाय काचेच्या गुळगुळीत पडद्यावर लेखणीला कागदासारखा अटकाव होत नाही, त्यामुळे मुलांची हालचाल व अक्षराचे वळण दोन्ही बदलतात. म्हणून कागदावरील प्रमाणके पडद्यावरील कामगिरीस जशीच्या तशी लावता येत नाहीत.

भारतीय संदर्भ : महाराष्ट्रात विशिष्ट अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना शालान्त परीक्षांत १९९६ पासून सवलती मिळू लागल्या. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश झाला. निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या बंगलोर येथील राष्ट्रीय मानसिक आरोग्य व तंत्रिकाविज्ञान संस्थेच्या कसोटीसंचात वाचन, लेखन व गणित यांच्या कसोट्यांबरोबर आकृतींच्या नकलेचाही अंतर्भाव आहे. कसोटीच्या निष्कर्षावर परीक्षेतील वाढीव वेळ वा लेखनिक मिळणे अवलंबून असल्यामुळे मापनातील चूक हा येथे केवळ शास्त्रीय प्रश्न राहत नाही.

या मापनात लिपीचा विचार आवश्यक ठरतो. रोमन लिपीतील काही अक्षरे परस्परांची आरशातील प्रतिबिंबे आहेत. देवनागरीत तशी अक्षरे सहसा नाहीत. मात्र पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे व दुसरी उजवीकडे येते, तसेच ‘घ’ व ‘ध’ किंवा ‘म’ व ‘भ’ यांतील भेद बराचसा शिरोरेषेच्या सलगतेवर अवलंबून असतो. काना, मात्रा, अनुस्वार व शिरोरेषा यांसाठी देवनागरी लिहिताना लेखणी पुन:पुन्हा उचलावीच लागते. त्यामुळे रोमन लिपीच्या लेखनावरून ठरविलेली ‘हवेतील वेळे’ची मर्यादा मराठी मुलास लावल्यास निर्दोष लेखनही सदोष ठरण्याचा संभव आहे. देवनागरीसाठी, आणि शाळेत पाटी-पेन्सिल वा वही यांवर किती सराव झाला आहे हे लक्षात घेऊन, स्वतंत्र प्रमाणके सिद्ध करणे यासाठीच अगत्याचे आहे.

अंकीय साधनांचा निर्विवाद लाभ वेगळ्या ठिकाणी आहे. तीच कसोटी त्याच मुलाला काही महिन्यांच्या अंतराने देऊन त्याच्या आजच्या हालचालींची त्याच्याच पूर्वीच्या हालचालींशी तुलना करता येते व शिकवणीचा उपयोग होतो आहे किंवा नाही, हे लवकर कळते. मात्र मापनाचे साधन जितके सूक्ष्म, तितके त्यावर आधारलेले अनुमान खरे, असे समीकरण नाही, हाच बेंडर कसोटीच्या इतिहासाचा धडा होय. लेखणीच्या नोंदीवरून मूल कसे लिहिते, हे कळते. ते का वाचू शकत नाही, हे समजण्यासाठी त्याला वाचावयास लावून ऐकावेच लागते.