शहाण्या मुलांची नोंद

अकोले तालुक्यातल्या राजूरहून जिल्हा रुग्णालय गाठायचं, तर अकोले आणि संगमनेर ओलांडून शंभराहून बरेच अधिक किलोमीटर जावं लागतं. अपंगत्वाच्या दाखल्यासाठी अनेक घरांनी हा हेलपाटा घातला. १९९५च्या अपंग व्यक्ती कायद्यात मात्र सात प्रकार होते आणि स्वमग्नता त्यांत नव्हती. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने तिचं नाव घेतलं. २०१६च्या कायद्याने एकवीस प्रकारांत तिला स्वतंत्र जागा दिली.

जागा मिळाली, पण मोजायचं कसं?

सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेत तयार झालेली चाळीस मुद्द्यांची भारतीय मोजपट्टी २००९मध्ये आली. मूल नजरेला नजर देतं का, हसण्याला हसून उत्तर देतं का, एकटं राहतं का, अशा प्रत्येक मुद्द्याला एक ते पाच गुण. बेरीज सत्तरच्या खाली असेल, तर स्वमग्नता नाही. म्हणजे जे बाहेर दिसतं, त्यालाच गुण.

दिसू न देणारी माणसं मात्र आधीपासून होती. १९४३मध्ये अकरा मुलांचं वर्णन करून स्वमग्नतेची पहिली ठळक मांडणी करणाऱ्या लिओ कॅनर यांनी १९७२मध्ये मोठ्या झालेल्या आपल्या रुग्णांचा आढावा घेतला. त्यांतल्या ज्यांचं बरं चाललं होतं, त्यांना पौगंडावस्थेत आपलं वेगळेपण जाणवून अस्वस्थ वाटू लागलं होतं आणि ते जाणीवपूर्वक त्यावर काम करू लागले होते. या धडपडीची किंमत काय, याचा अभ्यास व्हायला आणखी काही दशकं गेली. २०१७मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी ९२ स्वमग्न प्रौढांचे अनुभव नोंदवले: नजर मिळवण्याचा सराव, इतरांच्या हावभावांची नक्कल, बोलण्याची आधीच केलेली जुळवाजुळव. त्यानंतर येणारा प्रचंड थकवा आणि चिंता.

अकोले तालुक्यात हे कोणाच्या लक्षात येणार? २०१३मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा येतं. तपासणीच्या यादीत स्वमग्नताही आहे. पण एका दिवसात बरीच मुलं बघणाऱ्या पथकासमोर गप्प, नीटनेटकी मुलगी ‘शहाणी’ ठरून पुढे सरकते.

तालुक्याच्या पश्चिमेकडच्या महादेव कोळी आणि ठाकर वस्त्यांतली अनेक मुलं आश्रमशाळांत राहतात. शहरातलं असं मूल दिवसभर शाळेत स्वतःला आवरून धरतं आणि घरी आल्यावर त्याचा बांध फुटतो. आईला निदान तेवढं तरी दिसतं. वसतिगृहात शाळा सुटली तरी तीच मुलं, तोच गोंगाट, जेवणाची तीच रांग. चेहरा सैल सोडायला कोपरा नाही.

म्हणून इथे वर्गातलं वागणं पाहून भागणार नाही. रात्री झोप लागते का, जेवणाच्या रांगेत पोट दुखतं का, हे अधीक्षकांना विचारावं लागेल; आणि सुटीत घरी नेल्यावर पहिले दोन दिवस मूल कसं असतं, हे आईवडिलांना.