बांधाआतली बोट

हैदराबादला गेलेला गोवेकर चारमिनार पाहतो, गोवळकोंड्याच्या पायऱ्या चढतो, बिर्याणी खातो आणि संध्याकाळी हुसेनसागरावर येऊन बोटीत बसतो. मीही बसलो. लुंबिनी पार्कच्या धक्क्यावरून लहानशी मोटरबोट सुटली. एका बाजूला टँक बंडवरची वाहनांची अखंड रांग, दुसऱ्या बाजूला नेकलेस रोडचे दिवे, समोर मधोमध उभी बुद्धाची मूर्ती. बोटीने मूर्तीला वळसा घातला, पाण्याचे दोन-चार शिंतोडे अंगावर उडवले आणि जिथून उचलले होते तिथेच आणून सोडले.

धक्क्यावर उतरताना मला थोडे चुकल्यासारखे वाटले. आपल्याकडे होडीत बसतो तो माणूस पलीकडे जायला बसतो. पणजीच्या धक्क्यावरून बेतीला जाणाऱ्या यांत्रिक होड्यांना जुनी माणसे ‘गॅसोलीन’ म्हणत. त्या गॅसोलीनीत बसून कोणी पणजीलाच परत आल्याचे ऐकिवात नाही. हैदराबादची बोट मात्र कुठेही जात नाही. एवढे पाणी असलेल्या या शहरात पाण्यावरून जायची एकही वाट का नाही, हा प्रश्न मनात आला आणि तिथून या शहराच्या पाण्याचा इतिहास उलगडत गेला.

हैदराबाद समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरहून उंच, दगडी पठारावर वसले आहे. मुसी नदी अनंतगिरीच्या डोंगरात उगम पावून पुढे कृष्णेला मिळते. तिला भरती-ओहोटी नाही. पावसाळ्यात लोंढा आणि उन्हाळ्यात खडक, असा तिचा स्वभाव. मांडवी-जुवारीत समुद्र दिवसातून दोनदा आत येतो आणि होडी आपसूक वर ढकलतो. तो उपकार मुसीवर कोणी केला नाही. कुतुबशाहीचे मोठे बंदर मच्छलीपट्टण, तेही शेकडो किलोमीटर दूर, पूर्व किनाऱ्यावर. तिथून माल यायचा तो बैलांच्या पाठीवर आणि गाड्यांतून. नदी ओलांडायला १५७८ साली पुरानापूल बांधला गेला. या पठारावर पाण्यावरून जाण्यापेक्षा पाणी अडवून ठेवण्याला जास्त किंमत होती.

म्हणूनच या शहरात आधी तळे झाले आणि मग शहर. इब्राहिम कुली कुतुबशहाच्या काळात, १५६२-६३च्या सुमारास, हुसेनसागराचा बांध घातला गेला. चारमिनार उभा राहिला तो १५९१ साली, म्हणजे जवळजवळ तीस वर्षांनी. मुसीचे पाणी कालव्याने आणून हे तळे भरत. काम हुसेन शाह वली यांच्या देखरेखीखाली झाले, म्हणून लोकांनी तळ्याला त्यांचेच नाव दिले. राजाला स्वतःचे नाव हवे होते, ते मिळाले नाही म्हणून त्याने पुढे इब्राहिमपट्टणचे तळे बांधले, अशी गोष्ट सांगतात. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तळ्याच्या उत्तरेला इंग्रजांच्या छावणीचे सिकंदराबाद वसले आणि तळ्याचा बांधच दोन शहरांना जोडणारा रस्ता झाला. दोन्ही काठांवर दोन शहरे, मध्ये पाणी, आणि तरीही माणसे गेली ती बांधावरून! आपल्याकडेही १६३३-३४ साली पणजी ते रायबंदर असा तीन किलोमीटरहून लांब बांध झाला, पण त्याने मांडवीतली एकही होडी थांबली नाही.

पाणी अडवून ठेवणाऱ्यांना एक भय कायमचे असते: बांध फुटण्याचे. २८ सप्टेंबर १९०८ रोजी ते खरे ठरले. मुसीच्या खोऱ्यात लहानमोठी ७८८ तळी होती. अतिवृष्टीत त्यांतली दोनशेहून अधिक फुटली आणि एकाचे पाणी दुसऱ्यावर, दुसऱ्याचे तिसऱ्यावर असे करीत तो सगळा लोंढा शहरात शिरला. तीन पूल गेले. पुरानापूल तेवढा तगला. सुमारे पंधरा हजार माणसे दगावल्याचे सांगतात. अफजलगंजजवळच्या एका चिंचेच्या झाडावर चढून दीडशेच्या आसपास माणसे वाचली. ते झाड अजून आहे, उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात. उर्दू कवी अमजद हैदराबादी यांनी त्या पुरात आई, बायको आणि मुलगी गमावली. नदीवरून जायची सवय असलेल्या गावात अशा वेळी दारात होड्या तरी असतात. तिथे झाड होते.

त्यानंतर निजामाने विश्वेश्वरय्यांना बोलावले. त्यांनी सुचवले ते असे, की पूर अडवायला शहराच्या वरच्या अंगाला मोठे जलाशय बांधा आणि तेच पाणी शहराला प्यायला द्या. त्यातून १९२०मध्ये मुसीवर उस्मानसागर आणि १९२७मध्ये तिच्या ईसी या उपनदीवर हिमायतसागर झाला. एका बांधाने दोन कामे साधली. पण याच क्षणी जुन्या तळ्यांचे काम संपायला लागले. पिण्याचे पाणी वरून येऊ लागले; १९६५नंतर मांजरा नदीचे आले, म्हणजे आपल्या मराठवाड्यात बालाघाटच्या डोंगरात उगम पावणाऱ्या त्याच मांजरेचे; २००४ला कृष्णेचे आणि २०१५ला गोदावरीचे. नळ दूरच्या नदीला जोडला गेला, की दारातले तळे कोणाचेच राहत नाही. हुसेनसागरात कुकटपल्लीच्या नाल्यातून कारखान्यांचे आणि वस्त्यांचे सांडपाणी येत राहिले. ज्या पाण्याचा घोट घेत होते, त्याच्या काठाने नाकावर रुमाल धरून जावे लागले.

काम संपलेल्या पाण्याला मग शोभेचे काम दिले गेले. मुख्यमंत्री एन. टी. रामाराव यांनी न्यूयॉर्कला स्वातंत्र्यदेवीचा पुतळा पाहिला आणि आपल्या तळ्यातही असे काही उभे राहावे असे त्यांच्या मनात आले. भुवनगिरीजवळ रायगिरीच्या एकाच दगडातून ५८ फूट उंचीची, सुमारे ३५० टन वजनाची बुद्धमूर्ती शिल्पकार गणपती स्थपती यांच्या मार्गदर्शनाखाली घडवली गेली. अनेक चाकांच्या प्रचंड वाहनावरून ती साठ किलोमीटर रस्त्याने शहरात आली. हे सारे निभावले. उरला होता तो काठापासून चबुतऱ्यापर्यंतचा पाण्यावरचा प्रवास. १० मार्च १९९० रोजी मूर्ती तराफ्यावर चढवली. तराफा कलला, मूर्ती तळाशी गेली आणि तिच्याबरोबर आठ-दहा माणसेही गेली.

गोवेकराला ही गोष्ट ऐकताना आपल्या खाणींच्या बार्जी आठवतात. हजार हजार टन खनिज घेऊन त्या वर्षानुवर्षे मांडवी-जुवारीतून मुरगावला जात होत्या. पण खनिज पोटात असते, पसरलेले असते. एकसंध दगड तराफ्याच्या पाठीवर म्हणजे सगळा भार वर. अशा ओझ्याला थोडा कलही पुरतो. मूर्ती अडीच वर्षांहून अधिक काळ चिखलात पडून होती. १ डिसेंबर १९९२ रोजी ती शाबूत वर काढून उभी केली. आज बोटीतून जाणारे लोक तिचे फोटो काढतात. त्या माणसांचा उल्लेख आमच्या बोटवाल्याने केला नाही. रोज तेच तेच सांगणाऱ्याने तरी किती सांगावे?

पण या शहराच्या मोटरबोटी खऱ्या अर्थाने चालल्या त्या वेगळ्याच ठिकाणी. ऑक्टोबर २०२०मध्ये हैदराबादेत तुफान पाऊस झाला, बालापूरजवळच्या गुर्रम चेरुवूचा बांध फुटला आणि गल्ल्यांतून, घरांच्या पहिल्या मजल्यांखालून बचावपथकांच्या बोटी फिरल्या. टोळीचौकीच्या बाजूच्या नदीम कॉलनीत माणसांना होडीतून बाहेर काढावे लागले. त्या वस्तीला लागूनच शाह हातिम तलाव आहे. तळ्याच्या पोटात घरे शिरली होती. पाणी फक्त आपल्या जुन्या जागी परत आले. तळी वाचवण्यासाठी २०२४ साली तिथल्या सरकारने ‘हायड्रा’ ही यंत्रणा उभारली आणि अतिक्रमणे पाडायला सुरुवात केली. तळ्याची हद्द आता नकाशा पाहून शोधावी लागते. पूर्वी ती विचारावी लागत नसे, कारण त्या पाण्यावर भात पिकणारा माणूस ती रोज पाहत होता.

मला या सगळ्यातून आपल्यापुरते एक दिसते. पाणी राखले जाते ते त्याचे काम चालू असेपर्यंत. हैदराबादेत ते काम होते प्यायचे आणि पिकवायचे. आपल्याकडे मांडवीचे काम होते जाण्यायेण्याचे. १९७० साली पणजीचा पूल झाला आणि आपण नदीकडे पाठ फिरवली. ५ जुलै १९८६ला तो पूल कोसळला तेव्हा पुन्हा फेरीबोटच धावून आली. सहा वर्षे तिने पणजीला तारले. २०१६च्या कायद्याने मांडवी, जुवारी आणि कुंभारजुव्याचा कालवा हे राष्ट्रीय जलमार्ग झाले, पण रोज त्यांवरून जाणारी माणसे आहेत ती चोडण-दिवाडीची. पणजीसमोर मात्र कॅसिनोच्या बोटी नांगरून उभ्या आहेत. त्यांत बसलेला माणूस रात्र घालवून उतरतो तो जिथे चढला त्याच धक्क्यावर.

हुसेनसागरावर मला जे चुकल्यासारखे वाटले, ते आता पणजीतही वाटते. म्हणून आठवड्यातून एकदा तरी मी कामाशिवाय रायबंदरला जाऊन चोडणची फेरी घेतो. पलीकडे उतरतो, चहा घेतो आणि मगच परततो.